मृगापासून दसऱ्यापर्यंतची पिशवी

माय, तुला हे लिहायचं मी अकरा वर्षं टाळत आलो. तू गेलीस त्याच वर्षी एकदा वही उघडली होती. पाचोऱ्याला मोबाइलच्या टपरीवर बसायचो तेव्हा. 'माय' एवढं लिहिलं आणि गिऱ्हाईक आलं, मग त्याच पानावर कुणाकुणाच्या रिचार्जचे नंबर पडले. दुसऱ्यांदा केळीच्या ट्रकवर क्लीनर होतो, एका ढाब्यावर बाजेवर बसून लिहायला घेतलं, तर ड्रायव्हर म्हणाला, "काय रे, सासरी पत्र चाललंय का?" मी हसलो आणि कागद चुरगाळून चहाच्या कपात टाकला. माझं सगळं असंच. आयटीआय अर्धं, वायरमनचं काम अर्धं, मांडववाल्याकडे एक लग्नसराई, अमळनेरला कापसाच्या जिनिंगमध्ये एक हंगाम. तू म्हणायचीस, "तुन्हा पायले भिंगरी शे." आज लिहितोय ते काही शहाणपण आलं म्हणून नाही. आज उठून कुठे जायला जागा नाही म्हणून. शाळेच्या तिसरीच्या वर्गात बसलोय, बाकात पाय मावत नाहीत, बाहेर पाऊस आहे, आणि इथल्या बाईंनी पोरांना चित्रं काढायला कोरे कागद वाटले, त्यातले चार मी मागून घेतलेत. खाली पांझरा नदी चढतेय. आबा घरात आहेत. ते यायला तयार नाहीत, आणि का तयार नाहीत ते या अख्ख्या शाळेत मला एकट्याला माहीत आहे.

आधी पिशवीचं सांगतो. तुला काय सांगायचं म्हणा, तुझीच पिशवी ती. खताच्या गोणीची तू शिवलेली, आतून दोन कप्पे. आपल्या गल्लीत मृग लागला की घरोघर पिशवी भरायची आणि दाराजवळच्या खुंटीला टांगायची, ती दसऱ्याला उतरवायची. लोकांच्या पिशव्या साध्या होत्या. तुझ्या पिशवीला कायदा होता. एक कप्पा कामाचा. त्यात रेशनकार्ड, लाइटबिल, जातीचा दाखला, माझा जन्माचा दाखला, आबांच्या एसटीच्या नोकरीचे कागद, तुझे चार सोन्याचे मणी, सगळं दुधाच्या पिशव्या धुऊन त्यात गुंडाळलेलं. दुसरा कप्पा जिवाचा. त्यात तळाशी बिस्किटाचा एक पुडा आणि घरातल्या प्रत्येकाची एकच वस्तू. जिच्याशिवाय परक्या ठिकाणी जीव लागणार नाही अशी. आबांचा अडकित्ता. मी त्या वर्षी दिला होता तो लाल रबरी चेंडू. आणि तुझी ती पत्र्याची गोल डबी, तिच्यात ताईचं टोपडं. ताई म्हणायचो मी तिला, माझ्याआधीची म्हणून, नाहीतर ती सात महिन्यांचीच होऊन गेली. तिचा फोटो कुणी काढला नाही. टोपडं तेवढं होतं, पिवळं, कडेला तुझ्या हातचे टाके. दसऱ्यानंतर डबी बाहेर असली की आबा कधीमधी ड्यूटीवरून येऊन ती उघडायचे, वास घ्यायचे आणि बंद करायचे. 

शेजारचे गादीवाले चाचा तुझ्या पिशवीला हसायचे. "भाभी, तुमचं बरं आहे. माझं तर पुरं घर कापूस, मी पिशवीत काय भरू? आणि भिजलेली गादी उचलायची म्हणजे सासुरवाडीचं माणूस उचलणं, चार जण लागतात." तू म्हणायचीस, मग तुम्ही चाचींनाच पिशवीत घाला. चाची आतून ओरडायच्या, "हां, बरी सुटेन!" सगळी गल्ली हसायची. पुराच्या नावानं हसायचे लोक, कारण दर वर्षी भोंगा फिरायचा, दर वर्षी पाणी घाटाच्या दोन पायऱ्या चढायचं आणि उतरायचं.

मी अकरा वर्षांचा. श्रावणात मामा आला आणि त्यानं मला रिमोटची गाडी दिली. लाल, छतावर चिकटवलेला दिवा, दोन दिवसांत रिमोट बिघडला तरी मला ती उशाशी लागायची. मी तुला म्हणालो, चेंडू काढ आणि गाडी घाल. तू भाकरी थापत होतीस. न बघता म्हणालीस, "आते पुढला मिरगले." आता पुढच्या मृगालाच. कायदा म्हणजे कायदा. एकदा भरली की दसऱ्यापर्यंत पिशवी उघडायची नाही. ते बरोबरच होतं, आता कळतं. रोज उघडणाऱ्या पिशवीत ऐन वेळी काही नसतं. पण तेव्हा मला वाटलं, माझ्यापेक्षा त्या डबीचा लाड जास्त आहे. तू पाणी भरायला गेलीस तेव्हा मी स्टुलावर चढलो. चेंडू काढला तरी गाडी बसेना. मग डबी काढली. वरच्या फळीवर पापडाच्या डब्यामागे ठेवली. संध्याकाळी परत जागेवर ठेवू, असं खरंच मनात होतं माझ्या. मग पोरं हाक मारायला आली, पुलाखाली कुणीतरी मोठा मासा धरला होता, आणि मी गेलो.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी भोंग्याची रिक्षा आली, आणि ती नेहमीसारखी वाटली नाही. माणूस घाई करत बोलत होता. वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत. आबा ड्यूटीवर होते, त्यांची गाडी सोनगीरला अडकवून ठेवली होती, हे नंतर कळलं. तू चूल विझवलीस, पिशवी खुंटीवरून काढलीस, माझा हात धरलास. उंबऱ्यात थांबलीस. तुझं ते नेहमीचं, बाहेर निघताना घराकडे एकदा वळून बघायचं. आणि मला विचारलंस, "बठ्ठं लिधं ना, भाऊ?"

माय, हेच मला लिहायचंय. बाकीचं तुला माहीत होतं. हे नव्हतं. मला उंबऱ्यातून डबी दिसत होती. पापडाच्या डब्यामागून तिची कड चमकत होती. विसरलो नव्हतो मी. स्टूल तिथेच होतं. किती वेळ लागला असता? पण डबी आणायची म्हणजे पिशवी उघडायची, आणि पिशवी उघडली की गाडी दिसणार. मी म्हणालो, "हो, सगळं घेतलं." पाणी काय, मला वाटलं, फळीपर्यंत थोडंच चढतंय.

याच शाळेत आणलं होतं आपल्याला. तेव्हा वर्गाला हा हिरवा रंग नव्हता आणि मागे ते झाडही नव्हतं. दुपारी मी भूक भूक केली तशी तू बिस्किटाच्या पुड्यासाठी जिवाच्या कप्प्यात हात घातलास. तुझा हात आत थांबला. मग पुन्हा खालपर्यंत गेला. मग तू गाडी बाहेर काढलीस, उलटी करून पाहिलीस, तिची चाकं उगाच फिरली. मी भिंतीकडे बघत होतो. पाठीत धपाटा बसेल म्हणून मान आत घेतली होती. तू गाडी परत आत ठेवलीस आणि मला बिस्किटं दिलीस. चार दिलीस. एरवी दोन द्यायचीस.

तिसऱ्या दिवशी घरी गेलो तर फळीच नव्हती. चिखल खिडकीच्या वर लागला होता. तू पदर खोचलास आणि गव्हाची चाळणी घेतलीस. घरातला सगळा चिखल तू चाळणीनं चाळलास, बादलीनं पाणी ओतून, मूठ मूठ. बायका म्हणाल्या, सोन्याचा मणी हरवला का? तू मान हलवलीस. मग भिंतीही धुतल्यास, कोपऱ्यात अडकलं असेल म्हणून, पार वरपर्यंत. पंचनाम्याला तलाठी आला तेव्हा गल्लीत सगळ्यांच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती आणि आपली भिंत स्वच्छ. तो म्हणाला, "बाई, तुमच्याकडे पाणी आलंच नाही की काय?" चाचा मधे पडले, "अहो साहेब, माझ्या गाद्या बघा की, भिंतीला भिंत आहे आमची!" तो म्हणाला, मी माझ्या डोळ्यानं बघतो ते लिहितो. पूर संपल्यावर घर झाडायला घेणारी आणि त्यापायी नुकसान कागदावरून धुऊन टाकणारी आपल्या गल्लीत तू एकटी. लोक अजून सांगतात ती गोष्ट, हसून सांगतात. तू काय शोधत होतीस ते त्यांना माहीत नाही.

आबा आले ते थेट पिशवीकडे गेले. अडकित्ता हातात आला, मग गाडी आली. गाडीकडे त्यांनी बघितलंही नाही, बाजूला ठेवली. "डबी कुठे?" मी दारात उभा. मला वाटलं, आता तू बोट दाखवशील. तू म्हणालीस, "मीच इसरी गऊ." म्हणजे, मीच विसरले. इतकं सरळ म्हणालीस की क्षणभर मलाही खरं वाटलं. आबांनी अडकित्ता परत पिशवीत टाकला. मग म्हणाले, "तुले एवढं एक संभाळता उनं नही." आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं गं. त्यांनी तो एकच शब्द पाच वर्षं पुरवला. तू पुढच्या मृगाला पिशवी भरायला बसलीस की बाजेवरून म्हणायचे, "भर, भर. इसरनारले पिशवी काय कामनी?" विसरणाऱ्याला पिशवीचा काय उपयोग. तू ऐकून घ्यायचीस आणि दुधाच्या पिशव्या पुसत राहायचीस. मला विचारायचीस, तुझं काय घालू? मी म्हणायचो, माझं काही नको. त्यानंतर मी त्या पिशवीत काही दिलं नाही. तुझ्या लक्षात आलं असणार.

शेवटी दवाखान्यात तू तीन दिवस होतीस. दुसऱ्या दिवशी आबा पायाशी बसले होते आणि तू त्यांना म्हणालीस, मन्हावर राग ठेवू नका, मी विसरले ती. मी चहाचे दोन ग्लास घेऊन दाराशी आलो होतो.  तेव्हा बोललो असतो तर त्यांचा राग तुझ्यावरून उठला असता, तू असतानाच. मी ग्लास खिडकीत ठेवले आणि खाली जाऊन रसवंतीवाल्याचं यंत्र बघत बसलो. बैलाऐवजी मोटर लावली होती त्यानं, ती कशी लावली ते त्याला विचारत बसलो. अर्धा तास. मला ते यंत्र अजून आठवतं, पट्टा कुठून कुठे जातो ते. तुझा चेहरा तितका आठवत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग मी निघालो तो फिरतच राहिलो. सध्या जळगावला केळीच्या वखारीत आहे. काल चाचांचा फोन आला. "बेटा, धरण भरलंय, आणि तुझा बाप ऐकत नाही. दार लावून बसलाय. तू ये, तुझं ऐकेल." माझं! सकाळच्या गाडीनं निघालो. पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली, मी भजी खायला उतरलो, भजीवाल्याकडे एक बोलणारा पोपट होता, आणि गाडी गेली. तासाभरानं दुसरी मिळाली. तू असतीस तर कपाळावर हात मारला असतास.

घरी पोचलो तेव्हा भोंगा फिरतच होता. आबा बाजेवर बसलेले. म्हातारे झालेत खूप, मान पुढे आलीय, चष्म्याला दोरा बांधलाय. पिशवी खुंटीवर नव्हतीच, तुझ्यामागे त्यांनी ती कधी भरलीच नाही. कोठीत घडी करून ठेवलेली. मी ती काढली, तिला घुशीनं एका कोपऱ्यात कुरतडलंय. भराभर भरायला घेतली. आधार, पेन्शनचे कागद, घरपट्टीची पावती, साखरेच्या गोळ्या, तुझे मणी. मग जिवाच्या कप्प्याशी अडलो. विचारलं, "आबा, तुमचं काय घेऊ?" ते म्हणाले, "मी नही येस. तू जाय. तुन्हा पायले सवय शे." मी म्हणालो, पाणी घरात येईल, आबा. ते म्हणाले, येऊ दे. मग भिंतीकडे बघून म्हणाले, "तवय मी नव्हतू म्हनीसन ते ऱ्हायनं." म्हणजे, त्या वेळी मी घरात नव्हतो म्हणून ती वस्तू राहिली. मी असतो तर राहिली नसती. आता मी घर सोडणार नाही, या घरातून आता काही जाऊ द्यायचं नाही मला.

ऐकलंस ना? सोळा वर्षं हा माणूस स्वतःलाही तेच ऐकवतोय. तुला बोलायचे ते उघड, स्वतःला बोलायचे ते मनात. आणि मी समोर उभा, हातात तीच पिशवी. एकच वाक्य हवं होतं. आबा, माय विसरली नव्हती, डबी मी काढली होती, तुम्ही घरात असता तरी ती राहिलीच असती. एवढं सांगितलं असतं तर त्यांना तिथे बसून राहायला कारणच उरलं नसतं. माझ्यावर धावून आले असते, मारलं असतं, पण उठले असते. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हट्ट सोडा ना, आबा. लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील! माझ्या तोंडून. ते हसले. चाचा दारात आले, आम्ही दोघांनी दंड धरून उठवायला पाहिलं, तर त्यांनी बाजेची पट्टी धरली आणि सोडेनात. चाचा रडायला लागले. म्हणाले, घरच्यांना पोचवून मी परत येतो, तोवर तू बघ. मी थोडा वेळ बसलो. मग उठलो. माय, मी उठून आलो. पिशवी खांद्याला लावली आणि आबांना तिथे ठेवून चढ चढून आलो. स्वतःला म्हणालो, बचावपथकाच्या जवानांना सांगतो, ते उचलून आणतील. सांगितलं मी. त्यांनी नाव आणि गल्ली लिहून घेतली. म्हणाले, होडी पलीकडच्या काठाला गेलीय, आली की बघतो.

त्याला दीड तास झाला. दोनदा फाटकापर्यंत गेलो, पोलीस खाली सोडत नाहीत. चाचांनाही सोडलं नाही, ते पायरीवर ओले बसलेत, माझ्याकडे बघत नाहीत. वर्गात खिचडी आली. एक बाई विचारून गेली, तुमच्यात किती माणसं? मी म्हणालो दोन. तिनं दोन द्रोण दिले. दुसरा समोर तसाच आहे, त्यावर साय धरल्यासारखं काहीतरी धरलंय. मला वाटलं होतं तुला लिहिलं की छाती हलकी होईल. काही हलकं होत नाही. तुला सांगून काय उपयोग, तुला तर पहिल्याच दुपारी कळलं होतं, त्या चाकांवरून. तू पाठीशी घातलंस ते मी अकरा वर्षांचा होतो म्हणून. आता मी सत्तावीस वर्षांचा आहे आणि माझा बाप त्याच खोट्यापायी नदीत बसलाय. होडी वेळेवर पोचली नाही तर त्यांना मी मारलं असं होईल, आणि ते मलाच फक्त माहीत असेल. मग मी काय करीन तेही मला माहीत आहे. कुठल्यातरी गाडीत बसेन.

दाराशी गलका झालाय. थांब.

माय, आबा आलेत. होडीतून नाही. कुणी आणलं नाही, आपले आपण आलेत, मागच्या बोळातून, छातीपर्यंत भिजून, अनवाणी. चष्माही नाही. चाचांनी त्यांना मिठी मारली तर म्हणाले, "हट, मी काय मेलो का?" पण दात वाजत होते. मी त्यांना माझ्या बाकाशी बसवलं, टॉवेल दिला, खिचडी पुढे केली. खाल्ली नाही.  मग म्हणाले, पाणी उंबऱ्यावरून आत आलं तसा मी भ्यालो रे. काहीच सुचेना. दारसुद्धा उघडं टाकून आलो. "आज मीच बठ्ठं इसरी उनू." सगळं विसरून आलो मी. मग हळूच, मला नाही, समोरच्या फळ्याकडे बघत, "ती तर एकली व्हती. पोर हाताशी, वरून ते पाणी. इसरनारच ना मानूस. मी उगाच तिले..." आणि रडायला लागले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं. ताई गेली तेव्हा रडले असतील, तेव्हा मी नव्हतो.

तुला माफ करतायत ते, माय. जे तू केलं नाहीस त्याची माफी. आणि मी शेजारी बसून मान हलवली. म्हणालो, "हो ना, आबा. होतं असं."

आता जरा शांत झालेत. खिचडीचे दोन घास खाल्लेत. चष्मा नाही म्हणून त्यांना यातलं अक्षर दिसत नाही, तरी मी कागदावर हात आडवा धरलाय. आत्ता त्यांनी विचारलं, "काय लिही ऱ्हायना?"

मी म्हणालो, नुकसानीचा फॉर्म भरतोय.